जुन्या चेनसॉची दुरुस्ती : निदान आधी, सुटे भाग नंतर

जुन्या आंबा बागांचे पुनरुज्जीवन, चक्रीवादळात उन्मळून पडलेल्या माडांची विल्हेवाट, पंजाब-हरियाणातील पॉप्लरची तोड, कोडगूच्या कॉफी मळ्यांतील सावलीच्या झाडांची छाटणी, अशी अनेक कामे आज चेनसॉवर, म्हणजेच साखळी करवतीवर अवलंबून आहेत. यांपैकी काही कामांना ठरावीक हंगाम असतो. लखनौ येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेच्या पद्धतीनुसार जुन्या, दाट झालेल्या आंब्याच्या झाडांची पुनरुज्जीवन छाटणी डिसेंबर-जानेवारीत केली जाते. नेमक्या त्याच दिवसांत, आठ-दहा महिने कोपऱ्यात पडून राहिलेला चेनसॉ सुरू होत नाही. मजूर ठरलेले असतात, दिवस निघून जात असतात, आणि घाईघाईत कार्ब्युरेटर, कॉइल, प्लग असे एकेक भाग बदलले जातात. खर्च होतो; मूळ बिघाड मात्र तसाच राहतो.

वास्तविक दोन-स्ट्रोक इंजिनाची रचना अत्यंत साधी असते. त्यात झडपा नाहीत, स्वतंत्र तेलटाकीतून होणारे वंगण नाही, शीतकरणासाठी पाणी नाही. त्यामुळे बिघाडाची कारणेही मोजकीच असतात. ती क्रमाने तपासल्यास बहुसंख्य जुने चेनसॉ अल्प खर्चात पुन्हा कामाला लागतात. पाठीवरचा पॉवर स्प्रेअर आणि ब्रशकटर यांतही बहुधा याच जातीचे इंजिन असल्याने पुढील तपासणीक्रम त्यांनाही बव्हंशी लागू पडतो.

चार गरजा आणि तपासणीचा क्रम

इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी लागतात : सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणातील इंधन, आणि हवा आत येण्यास व धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट. तपासणी करताना एकच नियम पाळावा : ज्या चाचणीस खर्च व वेळ सर्वांत कमी, ती सर्वांत आधी. कोणताही भाग खोलण्यापूर्वी चेनसॉ ब्रशने व हवेच्या झोताने स्वच्छ करावा. कार्ब्युरेटर उघडल्यावर आत पडलेला भुशाचा एक कण नवा बिघाड निर्माण करतो. साखळीला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढून ठेवावी आणि हातमोजे घालावेत. इंधनाचे काम मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट व चुलीपासून दूर करावे.

पहिली पायरी : दाबाचा अंदाज

स्विच बंद ठेवून स्टार्टरचा दोर सावकाश ओढावा. दर फेऱ्यात एका ठिकाणी हाताला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. दुसरी सोपी चाचणी म्हणजे चेनसॉ दोराच्या मुठीने जमिनीपासून थोडा उचलून धरणे. दाब चांगला असेल, तर यंत्र थांबत-थांबत, धक्क्याधक्क्याने खाली येते. विनाअडथळा सरसर खाली आले, तर पिस्टन, रिंग किंवा सिलिंडर झिजले असल्याची शक्यता असते. ज्या यंत्रावर दाब कमी करणारी झडप असते, तेथे ती बंद आहे याची आधी खात्री करावी.

दाबमापक उपलब्ध असल्यास तो प्लगच्या छिद्रात बसवावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोर ओढावा. सर्वसाधारणपणे १२० ते १५० पीएसआय दाब हे निरोगी इंजिनाचे लक्षण मानले जाते. तो ९० पीएसआयच्या खाली गेल्यास इंजिन सुरू होणे कठीण होते. पहिल्या काही मिनिटांतच ही चाचणी केली, की यंत्रावर पुढे खर्च करावा की नाही याची दिशा मिळते.

दुसरी पायरी : ठिणगी

प्लग काढून पाहिला की तो बरेच काही सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन योग्य आहे. काळे व तेलकट असेल तर हवा कमी पडत आहे, किंवा इंधन अथवा तेल जास्त आहे. पांढरे पडले असेल तर मिश्रणात इंधन कमी आहे, आणि हे सर्वांत धोक्याचे लक्षण होय. अनेकदा दोर ओढूनही टोक कोरडे राहिले, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. ओले असेल तर इंधन पोहोचते, पण पेटत नाही.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंख्यांना टेकवावा आणि दोर ओढावा. प्लग छिद्रापासून दूर धरावा, कारण छिद्रातून बाहेर पडणारी वाफ पेटू शकते. ठिणगी दिसली नाही, तर लगेच कॉइल बदलू नये. आधी नवा प्लग लावून पाहावे. दोन टोकांतील अंतर साधारणतः ०.५ मिमी असावे. त्यानंतर बंद करण्याच्या स्विचची तार कॉइलपासून सोडवून पुन्हा पाहावे. आता ठिणगी आली तर दोष कॉइलचा नसून, घासून उघड्या पडलेल्या तारेचा किंवा स्विचचा आहे. पावसाळ्यात पडून राहिलेल्या यंत्रांत फ्लायव्हीलच्या चुंबकावर गंज चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढावा आणि कॉइल व चुंबक यांतील अंतर ०.२५ ते ०.३ मिमी ठेवावे. फिलर गेज नसल्यास जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरूनही हे अंतर जमवता येते.

थंड असताना नीट चालणारा आणि तापल्यावर बंद पडणारा चेनसॉ ही नेहमीची तक्रार असते. बंद पडताच ठिणगी तपासावी. गरम असताना ती नसेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर मात्र कॉइल बदलणे भाग पडते.

तिसरी पायरी : इंधन

दाब व ठिणगी ठीक असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर कार्ब्युरेटरच्या तोंडात ताज्या मिश्रणाचे काही थेंब टाकून, एअर फिल्टर परत बसवून दोर ओढावा. इंजिन क्षणभर पेटून बंद पडले, तर दोष इंधनाच्या वाटेत आहे हे निश्चित होते. ही वाट टाकीपासून सुरू होते. टाकीतील मिश्रण पारदर्शक बाटलीत ओतून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर, पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसला, तर ते इंधन पुन्हा वापरू नये.

आज या तपासणीला विशेष महत्त्व आले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. जुन्या लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत मात्र बहुधा १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचाच विचार केलेला असतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. चेनसॉचा इंधन फिल्टर टाकीच्या तळाशीच लोंबत असतो आणि तळाच्या त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. याशिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबराच्या नळ्या मऊ पडतात किंवा तडकतात, तर कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक होतो. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने कार्ब्युरेटरच्या पूर्वीच्याच जुळणीवर मिश्रण तुलनेने पातळही बनते.

यावरचे उपाय सोपे आहेत. मिश्रण थोडे-थोडे करावे आणि महिन्याभरात संपवावे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. जुन्या यंत्राच्या नळ्या, फिल्टर व डायफ्रॅम एकदा नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीच्या बसवून घ्याव्यात. तेलाचे प्रमाण माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५० : १ प्रमाणासाठी एका लिटरला २० मिली, तर २५ : १ साठी ४० मिली तेल लागते. तेल हवेने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठीचेच असावे. चारचाकीचे इंजिन तेल किंवा पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनाचे तेल येथे चालत नाही. प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने न ठेवता मोजपात्राने ठेवावे.

टाकीतील फिल्टर काळा पडला असल्यास बदलावा. इंधन नळी वाकवून पाहिल्यास तिच्यातील भेगा दिसतात. टाकीत हवा येण्याचे छिद्र बंद झाले, की इंजिन काही मिनिटे चालून बंद पडते. टाकीचे झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर दोष तेथेच आहे. एवढे पाहिल्यानंतरच कार्ब्युरेटर उघडावा. त्यातील बारीक जाळी, सुई व डायफ्रॅम तपासावेत. कडक झालेला डायफ्रॅम हलवला असता कुरकुरतो. दुरुस्ती संच संपूर्ण कार्ब्युरेटरपेक्षा बराच स्वस्त असतो. बारीक छिद्रे तारेने कोरू नयेत. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा हलका झोत पुरेसा असतो.

चौथी पायरी : श्वास आणि धूर

एअर फिल्टर प्रकाशासमोर धरल्यास उजेड आरपार दिसला पाहिजे. फाटलेला फिल्टर बंद फिल्टरपेक्षाही वाईट, कारण त्यातून शिरलेली धूळ पिस्टन झिजवते. यंत्र सुरू होते पण वेग घेत नाही, अशी तक्रार असल्यास मफलर काढून पाहावा. आतील ठिणगीरोधक जाळीवर काजळीचा थर साचतो. दीर्घकाळ पडून राहिलेल्या यंत्रात कुंभारीण माशीचे मातीचे घरही आढळू शकते.

मफलर काढल्यावर मिळणारी संधी दवडू नये. बाहेर पडण्याच्या मार्गातून पिस्टनची एक बाजू थेट दिसते. ती गुळगुळीत असेल आणि रिंग मोकळी असेल, तर यंत्राचा जीव शाबूत आहे. याच बाजूला उभे, खोल ओरखडे असतील, तर तेलाची कमतरता, पातळ मिश्रण किंवा अतिउष्णता हे कारण संभवते. हवा-इंधन आत येण्याच्या बाजूला झीज असेल, तर धूळ आत गेली आहे. पिस्टन बदलण्यापूर्वी हे वाचन आवश्यक आहे. अन्यथा जुन्या पिस्टनला ज्या कारणाने मरण आले, त्याच कारणाने नवाही जातो.

हवागळती : दुर्लक्षित राहणारे कारण

दोन-स्ट्रोक इंजिनात इंधन, तेल व हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. त्यातील तेलानेच बेअरिंग व पिस्टन यांना वंगण मिळते. म्हणून मिश्रण पातळ होणे याचा अर्थ इंधनाबरोबर वंगणही कमी होणे, आणि त्याच वेळी इंजिन अधिक तापणे. क्रँकशाफ्टची तेल सील कडक झाली, किंवा कार्ब्युरेटर व सिलिंडर यांना जोडणारा रबरी भाग तडकला, की तेथून जादा हवा शिरते.

याची लक्षणे स्पष्ट असतात. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, तो आपोआप चढतो, किंवा यंत्र आडवे-तिरपे केल्यावर बदलतो. अशा वेळी स्क्रू फिरवून वेग जमवण्याचा मोह टाळावा. कार्यशाळेत मफलर व कार्ब्युरेटरची तोंडे रबरी पट्ट्यांनी बंद करून हातपंपाने सुमारे ०.५ बार दाब दिला जातो आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावले जाते. बुडबुडे आले तेथे गळती. सील आतील बाजूने शोषणाखालीही गळू शकते, म्हणून तितक्याच निर्वाताची चाचणीही करावी. सील स्वस्त असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास जळणारा पिस्टन व सिलिंडर महाग पडतात.

कार्ब्युरेटरची जुळणी

बहुतेक जुन्या चेनसॉवर तीन स्क्रू असतात. ‘एल’ हा कमी वेगाच्या मिश्रणाचा, ‘एच’ हा जास्त वेगाच्या मिश्रणाचा आणि ‘एलए’ किंवा ‘टी’ हा रिकामा वेग ठरवणारा. फिल्टर स्वच्छ असताना, बार व साखळी बसवलेली असताना आणि इंजिन गरम झाल्यावरच जुळणी करावी. माहितीपुस्तिका नसल्यास ‘एल’ व ‘एच’ हलक्या हाताने बंद करून प्रत्येकी एक फेरा उघडणे ही अनेक यंत्रांसाठी सुरुवातीची स्थिती असते.

‘एल’ असा ठेवावा की थ्रॉटल दाबताच इंजिन न अडखळता वेग घेईल. ‘एलए’ असा ठेवावा की इंजिन सलग चालेल, पण साखळी स्थिर राहील. ‘एच’ स्क्रू बंद करत नेल्यास वेग वाढतो, आवाज किंचाळल्यासारखा होतो आणि ऐकणाऱ्यास यंत्र जोमात आल्याचा भास होतो. वस्तुतः ते वंगणाविना धावू लागलेले असते. भार नसताना पूर्ण वेगावर आवाज किंचित भरडा, तुटक असावा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा, ही योग्य जुळणीची खूण आहे. शंका असल्यास ‘एच’ थोडा अधिक उघडा ठेवणे सुरक्षित.

दोष इंजिनाचा की साखळीचा?

‘मशीनमध्ये दम राहिला नाही’ या तक्रारीमागे अनेकदा बोथट साखळी असते. साखळीचा दात करवतीच्या दातासारखा नव्हे, तर सुताराच्या रंध्यासारखा काम करतो. पुढचा उंचवटा कापाची खोली ठरवतो आणि मागची धार लाकडाची ढलपी काढते. कापातून ढलप्या पडत असतील तर धार चांगली आहे. पिठासारखा बारीक भुसा किंवा धूर येत असेल, यंत्र दाबावे लागत असेल किंवा काप एका बाजूला वळत असेल, तर साखळीला कानस लावणे आवश्यक आहे.

गोल कानशीचा व्यास साखळीनुसार निवडावा : लहान चेनसॉवरील ३/८ इंची लो-प्रोफाइल साखळीस ४ मिमी, ०.३२५ इंची साखळीस ४.८ मिमी, तर पूर्ण आकाराच्या ३/८ इंची साखळीस साधारणतः ५.५ मिमी. कोन बहुधा ३० अंशांचा असतो. सर्व दात सारख्या लांबीचे राहावेत आणि प्रत्येकास सारखेच हात मारावेत. पुढचा उंचवटा धारेपेक्षा साधारणतः ०.६५ मिमी खाली असावा. तो गरजेपेक्षा जास्त घासल्यास दात लाकडात रुततो आणि यंत्र उसळते. फळबागेत धारेला आणखी एक महत्त्व आहे : बोथट साखळी साल फाडते, जखम खडबडीत राहते आणि बुरशीला वाट मिळते.

बारची खाच व तेलाचे छिद्र दर वेळी साफ करावे. इंजिन सुरू करून बारचे टोक पांढऱ्या कागदाजवळ, त्याला न टेकवता धरावे. काही क्षणांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ट्रॅक्टरचे जळके तेल साखळीसाठी वापरू नये. त्यातील धातूचे कण तेलपंप व बार झिजवतात, आणि ते माती व झाडावरही उडते.

कामाला नेण्यापूर्वीच्या चाचण्या

पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेगाने धावते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की बार क्षणार्धात चालकाच्या दिशेने उसळतो. म्हणून दुरुस्त केलेल्या चेनसॉच्या पुढील चाचण्या झाल्याशिवाय तो कोणाच्याही हाती देऊ नये.

• इंजिन चालू असताना पुढचा रक्षक दाबताच साखळी तत्काळ थांबावी.
• रिकाम्या वेगात साखळी फिरू नये. वेग योग्य असूनही ती फिरत असेल, तर क्लचच्या स्प्रिंग तपासाव्यात.
• थ्रॉटलचे कुलूप दाबल्याशिवाय थ्रॉटल दबू नये आणि स्विचने इंजिन लगेच बंद व्हावे.
• तुटलेली साखळी अडवणारा हुक आणि कंपन शोषणारे रबरी आधार शाबूत असावेत.
• साखळी उलटी बसलेली नसावी. वरच्या बाजूस दातांची धार बारच्या टोकाकडे असावी.

हेल्मेट, चेहऱ्यावरील जाळी, कानाचे संरक्षक, पायांचे कापरोधक आवरण व टणक बूट हे यंत्राचेच भाग समजावेत. उपरणे, ओढणी, सैल धोतर किंवा लुंगी नेसून चेनसॉ चालवू नये. खांद्याच्या वरच्या उंचीवर किंवा साध्या शिडीवर उभे राहून काप घेऊ नये.

दुरुस्ती केव्हा थांबवावी?

नळ्या, फिल्टर, डायफ्रॅम, प्लग, सील, दोर व स्प्रिंग एवढ्यावर काम भागत असेल, तर जुना चेनसॉ दुरुस्त करणे निश्चितच फायद्याचे. पिस्टन व रिंग गेल्या असतील, पण सिलिंडरचा कठीण मुलामा शाबूत असेल, तर खर्चाची तुलना करून निर्णय घ्यावा. मुलामा उखडला असेल, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल किंवा क्रँककेस तडकले असेल, तर तेच पैसे नव्या यंत्राकडे वळवावेत. आणि इंजिन कितीही उत्तम असले, तरी साखळी-ब्रेक नसलेला व बसवता न येणारा चेनसॉ वापरातून काढावा. त्याचे उपयोगी भाग दुसऱ्या यंत्रासाठी ठेवता येतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी अवजारे बँक किंवा कृषी विज्ञान केंद्रात एक दिवसाचे तपासणी शिबिर घेतल्यास त्याचा लाभ अनेक गावांना होतो. त्यासाठी दाबमापक, फिलर गेज, मोजपात्र, गोल कानशींचा संच आणि हातपंप एवढी साधने पुरेशी आहेत. प्रत्येक यंत्रासाठी एक पान राखून त्यावर दाबाचे माप, प्लगचा रंग, बदललेले भाग व इंधनाचे प्रमाण नोंदवावे; दुसऱ्या वर्षी निदानाचा निम्मा वेळ वाचतो. सखोल प्रशिक्षणासाठी बुदनी, हिस्सार, गार्लादिन्ने व बिश्वनाथ चारियाली येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांच्या अभ्यासक्रमांची चौकशी करता येते.

शिबिरात एक प्रात्यक्षिक अवश्य दाखवावे. काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल घेऊन त्यात १० मिली पाणी घालावे, झाकण लावून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाचा थर १० मिलीपेक्षा बराच वाढलेला दिसतो, कारण पेट्रोलमधील इथेनॉल पाण्याकडे जाते. टाकीच्या तळाशी काय घडते हे शेतकऱ्यास याहून सोप्या रीतीने समजावता येत नाही. वापरलेले पेट्रोल पुन्हा इंजिनात घालू नये.

झाड तोडायचे असल्यास आपल्या राज्याच्या वृक्षतोड नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी. महाराष्ट्रात यासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू आहे. काम संपल्यावर इंधन काढून, प्लगच्या छिद्रात दोन-स्ट्रोक तेलाचे काही थेंब टाकून, दोर एक-दोनदा सावकाश ओढून यंत्र कोरड्या जागी ठेवावे. काम संपल्यावर दिलेली ही पंधरा मिनिटे पुढच्या डिसेंबरात छाटणीचे दिवस वाचवतात.